दोराला दोन हिसके

स्कारवीक, सांडोय बेट
३ फेब्रुवारी १९९६

प्रिय ओलुवा,

अकरा वर्षांनी माझं पत्र बघून तुला वाटेल, गावात कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. गेलाय तो माझा उजवा हात, आणि तोही अर्धाच. मामाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, मातीला तू आली होतीस, तेव्हाच आपलं शेवटचं बोलणं झालं. त्यानंतर तुझे बाबा नाहीत, घर बंद, मग लिहायचं तरी काय, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी आळशी आहे.

काम असं आहे. नाताळपासून मान धरली आहे. खांद्याच्या फऱ्याखाली सुरी रुतल्यासारखं दुखतं, तिथून दंडावरून खाली मुंग्या येतात, आणि अंगठा व शेजारचं बोट तर माझं राहिलेलंच नाही. परवा मामीचा निळा कप हातातून सुटला. मी तो धरलाय अशा समजुतीत होतो, आणि तो फरशीवर. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि राजधानीच्या इस्पितळात जा म्हणाला. म्हणजे बोटीतून ओकत जायचं आणि तिथे कुठल्यातरी बाईकडून मान पिरगाळून घ्यायची. मग म्हटलं, आपली घरची बाई डेन्मार्कात तीस वर्षं लोकांच्या माना सरळ करतेय, तिलाच विचारू. फोन करणार नाही. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं गावाला ऐकू जातं.

एकच बरं आहे. डोक्यावर हात ठेवून बसलं की कळ थांबते. काल तसाच देवळात बसलो तर सामलम्हातारा म्हणाला, "काय रे, बायको गेल्यावर नाही बसलास असा, आता कोण मेलं?" अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झालाय, पण जिभेला अजून गंज नाही.

आणि आणखी एक. हात मधूनमधून आपोआप ओढला जातो. दोनदा. थांबतो. परत दोनदा. बाकी मी ठीक.

तुझा
होग्नी


ऑरहूस
१४ फेब्रुवारी १९९६

होग्नीदादा,

मेंढ्यांचे खूर दरसाल तपासतोस, आणि स्वतःच्या मानेसाठी कप फुटायची वाट बघितलीस. आईचा निळा कप होता तो. दुखणं बरं झाल्यावर त्याबद्दल वेगळं भांडेन.

तुझी मानेतली एक नस दबली आहे. दोन मणक्यांमधून बाहेर पडते तिथेच तिला जागा कमी पडतेय. दुखणं खांद्यात असलं तरी चोर मानेत आहे. बहुतेक माणसं शस्त्रक्रियेशिवाय बरी होतात, पण सांगितलेलं करावं लागतं, आणि तुझा तिथेच वांधा.

आता नीट वाच. पाठ भिंतीला लावून खुर्चीत बस. हनुवटी खाली न घालता सरळ मागे घे, कोणीतरी नको तेवढं जवळ येऊन बोलायला लागल्यावर घेतो तशी. पाचपर्यंत मोज, सोड. दहा वेळा, दिवसातून चारदा. मग दोन्ही फरे मागे आणि खाली. आठवडाभराने नसेचा व्यायाम: हात बाजूला पसर, तळवा वर, मनगट हळू मागे वाकव, आणि त्याच वेळी मान त्याच हाताकडे कलती कर. मुंग्या आल्या की थांब. नस ओढायची नाही, तिला नुसतं सरकू द्यायचं. दोन उशा घेऊन झोपतोस हे मला माहीत आहे, एक काढ. पाण्याच्या बादल्या डाव्या हाताने. दोन्ही हात जड वाटायला लागले किंवा चालताना पाय अडखळले, तर त्याच दिवशी बोट पकडायची. तिथे माझ्याशी वाद नाही.

डोक्यावर हात ठेवून बरं वाटतं, ही खूण माझ्या फार कामाची आहे. हात वर गेला की नसेवरचा ताण सैल होतो. विद्यार्थ्यांना मी सांगते, पेशंट दारातून डोक्यावर हात ठेवून आत आला, तर निम्मं निदान तिथेच झालं.

एवढं सांग: असं पूर्वी कधी झालं होतं का? तरुणपणी? मानेला मार वगैरे?

ओलुवा


स्कारवीक
२ मार्च १९९६

प्रिय ओलुवा,

पूर्वी कधी नाही. हे आधी लिहून टाकतो.

तुझे व्यायाम करतो. हनुवटी मागे घेताना कोंबड्या खिडकीतून बघतात आणि त्यांनाही तसंच करावंसं वाटतं. उशी काढली. कळ निम्म्यावर आली, हे कबूल करतो. बोटं अजून मुकी आहेत. लोकरीचा धागा चिमटीत धरला तर डोळ्यांनी बघावं लागतं, आहे की नाही.

पण हिसके कमी होत नाहीत. दुपारी कॉफी घेताना येतात, देवळात प्रार्थनेला येतात. उत्तरेच्या कड्याकडे मेंढ्या बघायला गेलो तर तिथे हमखास. दोन, मग थोडं थांबून परत दोन. मी मोजत बसतो. तीन कधीच येत नाहीत. परवा कड्यावर हिसका आला तेव्हा माझ्या तोंडून "ओढा" निघून गेलं. आसपास कोणी नव्हतं, मेंढ्या होत्या. मी घरी आलो आणि दाराला कडी लावून बसलो. दुपारी तीन वाजता, लख्ख उन्हात. बासष्ट वर्षांचा बाप्या.

तुला हसू येईल. पण दोर हातात धरलेल्या माणसाला कळतं, खालून कोणीतरी ओढतंय ते. हे तसंच आहे, ओलुवा. तू नस म्हणशील. म्हण.

होग्नी


ऑरहूस
१५ मार्च १९९६

होग्नीदादा,

मला हसू आलं नाही.

आधी धंद्याचं बोलते. दबलेली नस अधूनमधून स्वतःच ठिणगी टाकते आणि स्नायू उडतो. त्यात भूत नाही. कॉफी कमी कर. बोटांना काम दे: डोळे मिटून खिशातली नाणी ओळख, धाग्याच्या गाठी मोज. बधिर जागेला रोज विचारत राहिलं की ती हळूहळू उत्तर द्यायला लागते.

आता दुसरं. तुझं पत्र वाचून झाल्यावर मी उगाच जुना अल्बम काढला. भावाचा, डान्यलदादाचा, शेवटचा फोटो माझ्याकडे आहे. १९५८ चा जून, नावेच्या शेडसमोर सगळे. अंडी गोळा करायला दोराने कड्याखाली उतरला आणि पडला, त्याच्या दहा दिवस आधीचा. मी सोळा वर्षांची, डोळे मिटलेले. डान्यल हसतोय आणि बोटाने तुझ्याकडे दाखवतोय. तू दगडी बांधावर बसला आहेस. चोवीस वर्षांचा. उजवा हात डोक्यावर.

अडतीस वर्षं हा फोटो मी बघतेय. मला वाटायचं, ऊन लागत असेल.

तू लिहिलंस, पूर्वी कधी नाही. मी परत विचारते. आणि हेही आठवतं का बघ: बाबांनी डान्यलला दोराची भाषा स्वयंपाकघरात शिकवली होती, लोकरीच्या धाग्यावर. एक टोक त्याच्याकडे, दुसरं माझ्याकडे, कारण तू ग्रीनलंडला मासेमारीवर होतास. एक हिसका म्हणजे थांबा. दोन म्हणजे ओढा. तीन म्हणजे ढील द्या. आठ दिवस आम्ही तेच खेळत होतो. तो एकदाही चुकला नाही.

आणि त्या दिवशी दोरावर पुढचा तू होतास. तू सांगितलंस, त्याने तीन दिले.

त्या सकाळी तुझ्या बोटांत जीव होता का?

ओलुवा


ऑरहूस
२० एप्रिल १९९६

होग्नीदादा,

पाच आठवडे झाले. टपालाची बोट रोज येते, हे मला माहीत आहे.

पत्राचं उत्तर देऊ नकोस, पण व्यायाम सोडू नकोस. आता हनुवटी मागे घेताना बोटाने हलकासा दाब दे. नसेचा व्यायाम पंधरापर्यंत ने.

बाबा त्यानंतर सत्तावीस वर्षं जगले आणि जेवताना माझ्याशी धड बोलले नाहीत. हवेत वाळवलेलं मटण कापायचे, ताटात ठेवायचे, खिडकीबाहेर बघायचे. गाव म्हणायचं, "पोरगा गोंधळला, बापाने नीट शिकवलं नाही." मला वाटायचं त्यांना डान्यलची लाज वाटते. लाज वाटते त्याची, आणि धाग्याचं दुसरं टोक धरणारीची पण. मी एकोणिसाव्या वर्षी बेट सोडलं ते त्या जेवणाच्या टेबलामुळे. ते जाताना मी जवळ नव्हते, तेही त्यामुळेच.

म्हणून विचारते आहे. उगाच नाही.

ओलुवा


स्कारवीक
६ मे १९९६

ओलुवा,

नव्हता. बोटांत जीव नव्हता.

ग्रीनलंडला जानेवारीत बोटीवरची कप्पी सुटून मानेवर बसली होती. आत्ता आहे तस्संच झालं होतं, अंगठा आणि बोट. मी कोणाला सांगितलं नाही. वर्ष-दीड वर्षाने आपोआप गेलं. परत येणार हे मला कोण सांगणार होतं?

का नाही सांगितलं, तर ऐक. माझा बाप समुद्रात गेला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मामाने मला घरात घेतलं. तुम्हा दोघांत आणि माझ्यात कधी वाटीभर फरक केला नाही. पण मी पाहुणाच आहे असं मला वाटायचं, त्याचा दोष नव्हता. त्या वर्षी पहिल्यांदा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दोरावर पुढे होग्नी. त्याचे हात शांत आहेत." बोटं मेली आहेत म्हटलं असतं तर त्याने मला सगळ्यात मागे घातलं असतं, आणि त्यात काही चूक नव्हती. मला मागे जायचं नव्हतं.

दोराची रीत तुला ठाऊक आहे. कड्यावर वाऱ्यात हाक ऐकू येत नाही. पुढच्याने बोटांनी ऐकायचं आणि मागच्यांना सांगायचं. पुढच्याचा शब्द आल्याशिवाय मागच्यांनी हात हलवायचा नाही, काही झालं तरी. सहा जण सहा बाजूंनी ओढायला लागले तर खालचा माणूस खडकावर आपटतो. मी पुढे, माझ्यामागे मामा, त्याच्यामागे सामल, मग तिघे.

डान्यल खाली समुद्रपाखरांची अंडी गोळा करत होता. मी वाट बघत होतो. मला काही कळलं नाही. एक नाही, दोन नाही, काहीच नाही. बराच वेळ झाला म्हणून मी समजलो, आता तो नेहमीसारखा खालच्या कपारीवर उतरणार. मी म्हटलं, "ढील." चार हात दोर गेला. मग एकदम सगळं वजन आलं, आणि मग वजनच नाही. वर ओढला तर फास रिकामा.

नंतर खाली नाव नेली तेव्हा दिसलं, त्याच्या पायाखालची कपार ढासळली होती. म्हणजे ढासळायला लागली तेव्हा त्याने वर ओढा म्हटलं असणार. दुसरं काय म्हणेल?

फास रिकामा आला तेव्हा मामाने मला विचारलं, "काय मागितलं त्याने?" हळूच विचारलं. मी म्हटलं, "तीन. ढील."

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि दोर गुंडाळायला लागला. बस्स, एवढंच. ते एक वाक्य मी बोललो, आणि डान्यल गोंधळलेला पोरगा झाला. गावात कोणी म्हटलं, "चुकलं बिचाऱ्याचं," की मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं दुःखाने.

आता तो दोनदा ओढतो. तू नस म्हण. मला त्या दिवशी जे ऐकू आलं नाही, ते आता रोज ऐकू येतं.

होग्नी


ऑरहूस
२८ मे १९९६

होग्नी,

तीन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात तुला मारून टाकायचं होतं. दुसऱ्यात माफ करायचं होतं, ते पहिल्यापेक्षा खोटं वाटलं. तिसरं काय होतं आता आठवत नाही.

बोटांचं मी समजू शकते. चोवीस वर्षांची मुलं माझ्याकडे रोज येतात, हात मेलाय हे लपवून, कोणाची नोकरी जाईल म्हणून, कोणाला संघातून काढतील म्हणून. त्यांना मी रागावते आणि बरं करते. बोटांसाठी मी तुझ्यावर रागावलेली नाही.

तीनसाठी रागावले आहे. माझ्या भावाने बरोबर मागितलं होतं. शिकवलं होतं तसंच मागितलं होतं. आणि अडतीस वर्षं तो मूर्ख म्हणून त्या थडग्यात पडून आहे. बाबा वाईट मास्तर म्हणून त्याच्या शेजारी.

मला पत्रात सांगून भागणार नाही. माझा भाऊ गोंधळला असं मी कधी म्हटलंच नव्हतं. ज्यांनी म्हटलं त्यांना सांग. जूनमध्ये कुरणसभा आहे. गावातला प्रत्येक मेंढीवाला येतो. कुंपण, कुत्री, मेंढ्यांची संख्या, सगळं झालं की मुखिया विचारतो ना, आणखी कोणाला काही बोलायचं आहे का? तेव्हा उभा राहा.

नाही जमलं तर मला परत लिहू नकोस. इलाजाला दुसरा माणूस मी शोधून देईन, हात तसा टाकायचा नाही. पण मी नाही.

मान वर करून बोल. खाली घातलीस तर नस परत दबेल.

ओलुवा


स्कारवीक
१६ जून १९९६

प्रिय ओलुवा,

बोललो.

शाळेच्या खोलीत एकतीस जण होते. कुंपणावरून नेहमीची भांडणं झाली, कोणाच्या कुत्र्याने कोणाची कोकरं पळवली ते झालं. मुखियाने विचारलं, आणखी काही? मी उभा राहिलो तर तो म्हणाला, "होग्नी, तुझ्या कोंबड्यांचं पुढच्या वर्षी." सगळे हसले. मी सांगितलं. तुला लिहिलं तसंच, त्याच क्रमाने. कप्पी, बोटं, ढील, आणि तीन. शेवटी म्हटलं, "डान्यलने तीन दिले नव्हते. त्याने बरोबर केलं, चुकलो मी. आणि खोटं बोललो तेही मीच." मान वर होती.

मी बसायला गेलो, तर मागून सामल म्हणाला, "उभा राहा जरा." तो स्वतः उठू शकत नाही, बसूनच बोलला. जमेल तसं त्याच्याच शब्दांत लिहितो:

"पोरा, दोर एकट्या पुढच्याच्या हातातून जात नाही. माझ्या हातातूनही जात होता. दोन आले. थांबले. परत दोन आले. माझ्या पुढे तुझा मामा होता, त्याला माझ्याआधी कळले. त्याची पाठ ताठ झालेली मी पाहिली. आम्ही दोघं शब्दाची वाट बघत राहिलो. रीतच आहे. तू म्हणालास ढील, आणि आम्ही ढील दिली. आमच्या हातांनी दिली."

मी विचारलं, मग मामाने मला का विचारलं, काय मागितलं म्हणून?

"तू आपल्या तोंडाने सांगशील म्हणून. तू तीन म्हणालास. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. संध्याकाळी माझ्या दारात आला. म्हणाला, सामल, एक पोर गेलं, दुसऱ्याला याच गावात जगायचंय. आणि म्हणाला, डान्यलने ओढा म्हटलेलं मला कळलं होतं, आणि मी रीत पाळली. तुझ्या मामाने मला शपथ घातली होती. आज तूच बोललास, म्हणून सुटलो."

ओलुवा, मी मामाच्या शेजारी सत्तावीस वर्षं नावेत बसलो. त्याच्या हातचं खाल्लं. त्याला माहीत होतं. मी लपवतोय असं मला वाटत होतं, आणि लपवत तो होता, माझ्यासाठी. आपल्या मुलाचं नाव त्याने माझ्यावर खर्च केलं. मी शाळेच्या खोलीत रडलो, एकतीस माणसांसमोर. मुखियाने कॉफी मागवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थडग्यावर दोन माणसं आधीच जाऊन आली होती. कोणीतरी डान्यलच्या दगडापाशी कड्यावरची दोन अंडी ठेवली आहेत.

हाताचं विचारशील. बोटं परत आली. काल डोळे मिटून लोकरीचा धागा चिमटीत धरला, आणि त्यावरची गाठसुद्धा कळली. कळ नाही, मुंग्या नाहीत. तुझं औषध लागू पडलं.

हिसके आहेत. दोन. आता तर बोटं जिवंत आहेत, त्यामुळे जास्तच स्पष्ट येतात.

तुझा
होग्नी


ऑरहूस
१ जुलै १९९६

होग्नीदादा,

तुझं पत्र दवाखान्यात वाचलं. बाहेर सहा पेशंट बसले होते, त्यांना घरी पाठवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

बाबांवर मी अडतीस वर्षं रुसून होते. ते खिडकीबाहेर बघायचे, मला वाटायचं माझ्याकडे बघवत नाही. ते आपल्या हातांकडे बघायचं टाळत होते, हे मला आत्ता कळतंय. मी लोकांचे हात बघून पोट भरते, आणि घरातले तेवढे दोन हात बघितले नाहीत. मला त्यांच्याशेजारी बसायला हवं होतं. आता त्याला उपाय नाही.

तुला माफ केलं का, हे विचारू नकोस. बाबांनी जे एवढं मोल देऊन राखलं, ते मी मोडणार नाही, एवढंच ठरलंय.

हिसक्यांचं. कळ गेली, मुंग्या गेल्या, स्पर्श आला, ताकद आली, तरी हात दोनदाच ओढला जात असेल, तर माझ्या पुस्तकात त्याला नाव नाही. मार्चमध्ये मी भूत नाही असं लिहिलं होतं. आज लिहिणार नाही.

बारा तारखेच्या बोटीने येतेय. बोटीवरून माझी बॅग उजव्या हाताने उचलायची नाही. घर उघड, चूल पेटव, रुबार्बचा मुरांबा कोणाकडून तरी माग. दुसऱ्या दिवशी आपण उत्तरेच्या कड्यावर जाऊ. लोकरीचा धागा मी आणतेय, लाल, त्या वर्षी होता तसाच. तो कड्याखाली सोडू, तू पुढे धरून उभा राहा, मी तुझ्यामागे, बाबा होते तिथे. हात ओढला गेला की मला सांगायच्या फंदात पडू नकोस.

या खेपेला मी पुढच्याच्या शब्दाची वाट बघणार नाही.

ओलुवा